रुसलेली साखर

६ जानेवारी २०२५

नवा माणूस आला. माझ्याच प्रोजेक्टवर! मला न विचारता! आमच्या लॅबप्रमुख निशिगंधा मॅडम म्हणाल्या, तेजस्विनी, तुला मदत होईल. मदत मी मागितली नव्हती.

नाव नागसेन. उंच, चष्मा, डब्यात भाकरी. इतकी वर्षं हैदराबादला होता, आता आई देहूरोडला एकटी असते म्हणून परत आलाय. आल्या आल्या त्याने फळ्यावरची माझी आकृती बघितली आणि अगदी सभ्यपणे विचारलं, "तुम्ही साखर तोडूनच का जोडता?"

तोडूनच! म्हणजे आजवर मी काय गवत कापत होते?

त्यात कंपनीची बसही एकच. तो देहूरोडला चढतो, मी मोशीला. चाकणपर्यंत सुटका नाही.

९ जानेवारी

जेवताना आजोबांनी पुन्हा विचारलं, तू कंपनीत नक्की करतीस काय? आई म्हणाली, लस करते की, किती वेळा सांगायचं. पण आजोबांना 'लस करते' एवढ्याने समाधान नाही. ज्या माणसाने आयुष्यभर कांदा पिकवला, त्याला कसं केलं ते कळायला हवं असतं. (तो कांदा जिथे पिकायचा तिथेच आता आमची सोसायटी आहे. सातव्या मजल्यावरून ते अजूनही पार्किंगला 'खालचं वावर' म्हणतात.)

मग मी नीट सांगितलं. न्यूमोनियाचा, मेंदूज्वराचा जंतू असतो ना, तो अंगावर साखरेचा कोट घालून येतो. मोठ्या माणसाचं शरीर त्या कोटाला थोडंफार ओळखतं. तान्ह्या बाळाचं ओळखतच नाही. नुसती साखर टोचली तर बाळाचं शरीर ढुंकूनही बघत नाही. पण तीच साखर एखाद्या प्रोटीनला पक्की जोडून दिली तर बघतं आणि लक्षातही ठेवतं. ते जोडायचं काम माझं.

आजोबा थोडा वेळ भात कालवत बसले. मग म्हणाले, "म्हंजी अनोळखी मानूस दारात आला तर कुनी इचारत न्हाई, पर वळखीच्या मानसासंगं आला तर चा मिळतो. तसंच ना?"

तसंच. अगदी तसंच. आमच्या ट्रेनिंगच्या स्लाइड्सपेक्षा बरं.

१५ जानेवारी

आमच्या लसीत आठ जंतूंच्या आठ साखरा. सात जोडून झाल्या. आठवी रुसलीय. लॅबमध्ये तिचं नावच रुसूबाई पडलंय.

माझी पद्धत अशी—एका रसायनाने साखरेची साखळी मधेमधे तोडायची, की तिथे टोकं उघडी पडतात आणि प्रोटीन ती टोकं धरतं. सात जणींनी निमूट ऐकलं. रुसूबाई जोडली जाते, भरपूर जोडली जाते! पण तोडताना तिचा चेहराच बदलतो. खऱ्या जंतूविरुद्धचा सीरम (जंतू ओळखणारं रक्तातलं पाणी) तिला ओळखतच नाही. आजचीही टेस्ट तशीच.

नागसेन काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं.

२२ जानेवारी

आज त्याची पाळी. त्याच्या पद्धतीत साखर तोडायची नाही. एक चपळ रसायन टाकायचं, ते साखरेच्या अंगावर चिकटायच्या जागा तयार करतं, मग लगेच प्रोटीन. पाणी थोडं अल्कली ठेवायचं. माझ्या पद्धतीला जे दिवस लागतात ते त्याचं चहा पिता पिता होतं म्हणे.

झालं! इतकं झालं की थांबलंच नाही. साखर प्रोटीनला, प्रोटीन साखरेला, साखर पुन्हा प्रोटीनला—सगळी बॅच घट्ट बसली. बाटली उलटी केली तरी एक थेंब पडेना. पांढरा, थलथलीत. खरवस!

मी हसू आवरलं नाही. खरंच आवरलं नाही, खुर्चीवर बसून हसले. वाटलं रागावेल. त्याने बाटली उजेडाकडे धरली, नीट निरखली आणि म्हणाला, "वेलदोडा आहे का तुझ्याकडे?"

'तुझ्याकडे.' इतके दिवस अहो-जाहो चाललं होतं. त्याच्याही लक्षात आलं. कानापर्यंत लाल झाला.

२३ जानेवारी

बसमध्ये त्याने माझ्यासाठी खिडकी सोडली. मी मागे जाऊन बसले.

२७ जानेवारी

आज बसले. मागे जागाच नव्हती.

४ फेब्रुवारी

वाईट दिवस.

नागसेनने या वेळी रसायन मोजून कमी घातलं, खरवस झाला नाही. छान जोडलं गेलं. आम्ही दोघं खूश! मग यंत्राचा आलेख आला. रुसूबाईच्या अंगावर एक बारीक झालर असते—असिटाइल म्हणतात, व्हिनेगरच्या कुळातला इवलासा तुकडा. शरीर तिला ओळखतं ते मुख्यतः या झालरीवरून. आलेखात झालरीचं शिखर असायला हवं तिथे सपाट मैदान. अल्कली पाण्यात झालर धुऊन गेली.

म्हणजे माझ्या सुरीने चेहरा जातो आणि त्याच्या साबणाने झालर जाते.

दुपारी मॅडमनी दोघांना बोलावलं. बसा म्हणाल्या, यावरूनच कळलं. वरून सांगण्यात आलंय—एप्रिलच्या शेवटापर्यंत सशांमध्ये चांगला निकाल दिसला तर ठीक, नाही तर आठवी साखर लसीतून वगळायची. सातचीच लस पुढे न्यायची. मी म्हटलं, पण आपल्याकडच्या पोरांमध्ये हाच जंतू सापडतो म्हणून तर आपण हे सुरू केलं. मॅडम म्हणाल्या, "ते मला सांगू नकोस. मी बारा वर्षं मुलांच्या वॉर्डात काढलीत." आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या.

 परतीच्या बसमधून मी मोशीला उतरताना नागसेन एवढंच म्हणाला, उद्या बघू.

१६ फेब्रुवारी

आजचा कार्यक्रम—मला बघायला पाहुणे. मुलगा रणजीत. चऱ्होलीकडचं जुनं घर, जमिनीचे व्यवहार, गाडी एवढी मोठी की आमच्या 'खालच्या वावरात' मावेना. आजोबांच्या जुन्या ओळखीतले लोक. आईने सकाळपासून पोहे, लाडू, माझी साडी, सगळं एकाच वेळी हलवत ठेवलं होतं.

रणजीत वाईट नाही. खरंच नाही. विचारलं, काय काम करता? मी साखर आणि प्रोटीन समजावून सांगितलं. मनापासून ऐकलं त्याने. मग म्हणाला, म्हणजे शुगर-फ्रीसारखं?

त्याच्या आईने मात्र सरळ विचारलं, लग्नानंतर एवढ्या लांब चाकणला कशाला जायचं? घरात काय कमी आहे? आजोबा माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, काकू, काम अर्धं राहिलंय. त्या म्हणाल्या, कामं काय, दुसरं कुणी करतं.

पाहुणे गेल्यावर मी आजोबांना सांगितलं की मला नाही जमणार. ते उठले. लाडू उचलून गच्चीवर गेले. आई बोलली. बरंच बोलली.

१८ फेब्रुवारी

लिहायला हात थांबत नाहीयेत! नीट लिहिते.

तळेगाव चौकात नेहमीसारखा ट्रॅफिक. ट्रेलर आडवा. बस हलेना. मी नागसेनला रविवारचं सगळं सांगितलं—शुगर-फ्रीचंही. वाटलं हसेल. तो हसला नाही. विचारलं, "मग तू काय सांगितलंस?" मी म्हटलं, 'नाही' असं सांगितलं. तो "बरं" म्हणाला आणि उगाच चष्मा पुसत बसला.

मग विषय बदलायचा म्हणून मीच रुसूबाईवर आले. मी म्हटलं, तुझं अल्कली कमी कर ना, झालर राहील. तो म्हणाला, कमी केलं तर प्रोटीनचे हात झोपतात, साखर धरतच नाहीत. ते हात जागे राहायला अल्कलीच लागतं.

आणि मी म्हणाले, "मग हात बदलू या."

दोघंही एकमेकांकडे बघत राहिलो.

कारण हात बदलणं मला येतं! आधीच्या प्रोजेक्टवर मी तेच केलंय—प्रोटीनला आधीच वेगळे छोटे हात लावून घ्यायचे, जे साध्या पाण्यातही जागे असतात. हायड्राझाइडचे हात. ते मी कधी रुसूबाईसाठी वापरलेच नाहीत, कारण माझ्या पद्धतीत गरजच नव्हती. आणि त्याचं चपळ रसायन त्याने कधी इतक्या कमी अल्कलीत चालवलं नाही, कारण त्याचे हात झोपायचे.

तो भराभर बोलू लागला. बर्फात करू, थंडीत रसायन जास्त टिकतं, अल्कली अगदी नावाला ठेवू. मी म्हटलं, हातवालं प्रोटीन मी करते, तुला तयार देते. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला तेव्हा कळलं की चौक केव्हाच मागे गेलाय, बस कंपनीच्या गेटवर उभी आहे आणि सगळे उतरलेत.

२५ फेब्रुवारी

प्रोटीनला हात लागले. स्वच्छ, सुंदर. नागसेनला बाटली दिली. म्हणाला, सांभाळून ठेवतो. जसं काही सोनंच दिलं.

२८ फेब्रुवारी

पहिला प्रयत्न. बर्फाच्या टबात बाटली, दोघांची बोटं निळी. काही नाही. कोरडं शून्य. साखर एकीकडे, प्रोटीन एकीकडे, जसे लग्नात दोन्हीकडचे पाहुणे.

संध्याकाळी कँटीनमध्ये बसून शोधलं. रसायन पाण्यात पडलं की साखरेपर्यंत पोचायच्या आत मरतं. थोडं थोडं टाकायला हवं आणि टाकताना ढवळणं जोरात हवं. एवढंच असेल? नागसेन म्हणाला, एवढंच असतं बहुतेक वेळा.

४ मार्च

जोडलं गेलं! खरवस नाही, शून्य नाही. जेवढं हवं तेवढं. मोकळी साखर अगदी थोडी उरलीय. पण झालर? आलेख उद्या.

५ मार्च

झालर आहे.

शिखर उभं आहे! टेकडी नाही, सुळका! मशीनवरची मुलगी म्हणाली, मॅडम, एवढं काय? मी तिला मिठी मारली. नागसेन दारात उभा होता, त्याच्याकडे बघून मी थांबले. तो म्हणाला, "मला वाटलं पुढचा नंबर माझा." आणि मग स्वतःच इतका घाबरला की उलटा फिरून हात धुवायला निघून गेला. हात स्वच्छच होते.

घरी येऊन आजोबांना सांगितलं. सगळं—बर्फ, झालर, सुळका, नागसेन काय म्हणाला (मिठीचं सोडून). आजोबा म्हणाले, "ह्यो नागसेन कुटला?" देहूरोडचा, म्हटलं. वडील ऑर्डनन्समध्ये होते, ते गेले, आता आई आणि तो. आजोबा "हां" म्हणाले. रणजीतच्या विषयानंतर पहिल्यांदाच माझ्याशी नीट बोलले. बरं वाटलं.

११ मार्च

सशांना पहिली टोचणी. मी लांबून बघितलं. एका सशाचा एक कान काळा आहे. नाव ठेवायचं नसतं. ठेवलं नाही.

२ एप्रिल

थांबायचं. थांबणं मला जमत नाही. नागसेनला जमतं. बसमध्ये तो मला हैदराबादच्या खोलीमालकाच्या गोष्टी सांगतो आणि वेळ जातो. आज वाकडं तोंड करून मालकाची नक्कल केली तर पुढच्या सीटवरचे अकाउंट्सचे काकाही हसले.

१५ एप्रिल

काल सुट्टी होती. नागसेनने देहूरोडच्या विहारासमोरून फोटो पाठवला होता—पांढरे कपडे, निळे झेंडे, मधे त्याची आई भिमाबाई, ताठ उभी, डोळ्यांत हसू. आज त्यांनी लॅबसाठी खीर पाठवली. पातेलंभर! लॅबने खाऊनही उरली. नागसेनने उरलेली माझ्या डब्यात भरली, म्हणाला, घरी ने.

घरी डबा उघडला. आई वाटी हातात घेऊन उभीच राहिली. विचारलं, कुणाकडची? मी सांगितलं. आई वाटी ओट्यावर ठेवून पोळ्यांकडे वळली. काही वाईट बोलली नाही. पण खाल्लीही नाही. तिच्या पाठीकडे बघत मी तिथेच उभी राहिले.

आजोबा आले, ओट्यावरची तीच वाटी उचलली, उभ्या उभ्या संपवली. मग दुसरी. म्हणाले, "हात चांगला हाय बाईचा. गूळ न्हाई जास्त पडला." आणि आईकडे बघून, "सूनबाई, तूबी घे." आईने चमचाभर घेतली. चमचाभरच. पण घेतली.

२९ एप्रिल

सशांचं रक्त आलं. पहिला आकडा चांगला—शरीराने रुसूबाईला ओळखलंय. भरपूर ओळखलंय! पण मॅडम म्हणाल्या, ओळखणं वेगळं, मारणं वेगळं. खरी परीक्षा पुढची आहे. जिवंत जंतू, त्यात सशाचा सीरम, आणि मग बघायचं किती जंतू उरतात. महिनाअखेर गाठायची होती. मॅडमनी वर फोन करून आठवडाभर मागून घेतला. फोनवर त्या काय बोलल्या ते काचेतून ऐकू आलं नाही, पण टेबलावर हात आपटलेला दिसला.

६ मे

आज.

प्लेट्स उघडायला तिघंच होतो. पहिली प्लेट लस न टोचलेल्या सशाच्या सीरमची. ठिपकेच ठिपके, आभाळभर, मोजताच येणार नाहीत इतके जंतू वाढलेले. दुसरी, तुलनेसाठी माझी जुनी तोडलेली साखर टोचलेल्या सशाची. थोडे कमी, पण भरपूर.

तिसरी आमची.

प्लेट मोकळी. लाल, चकचकीत, मोकळी. कडेला दोन-तीन ठिपके, बाकी काही नाही. मला वाटलं जंतू घालायलाच विसरले! नागसेनने बाकीच्या प्लेट्स उघडल्या. तशाच. सगळ्या तशाच.

मॅडमनी मास्क काढला, स्टुलावर बसल्या. त्या बोटाने डोळ्याची कड पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "आठच्या आठ जाणार."

बास. एवढंच. आठच्या आठ जाणार!

मला माहीत आहे की अजून वर्षं लागतील. मोठ्या बॅचेस, माणसांवरच्या चाचण्या, परवानग्या. कुठल्या बाळाच्या मांडीत ही सुई जाईल तेव्हा मी कुठे असेन कोण जाणे. पण आज प्लेट मोकळी होती. मी बघितली.

मॅडमनी सगळ्यांना नाश्ता दिला. नागसेन आणि मी जिन्यात बसून वडापाव खाल्ला. तो म्हणाला, हात तुझे होते. मी म्हटलं, बर्फ तुझा. आणि मग दोघंही मिरची खात बसलो.

९ मे

नागसेनला मोठ्या बॅचसाठी नव्या बिल्डिंगमध्ये हलवलं. त्याच्या भल्याचंच आहे. शिफ्ट वेगळी, बस वेगळी.

१२ मे

सुट्टी. काही केलं नाही. आई म्हणाली, एवढं जिंकलीस आणि चेहरा असा का?

१३ मे

खिडकीची सीट मिळाली. बस भरलेली होती. रिकामी वाटत होती.

१५ मे

जेवताना सांगायला काही नव्हतं. आजोबा म्हणाले, आज गप का? मी म्हटलं, काही नाही, काम रोजचंच. ते माझ्याकडे बघत राहिले. मग देहूरोडला बस कुठून मिळते असं आईला विचारत होते. कुणाकडे जायचंय असेल.

१८ मे

आजोबा सकाळी धुतलेला पांढरा शर्ट, टोपी घालून एकटेच बसने गेले. दुपारी आले. मला गच्चीवर बोलावलं.

भिमाबाईंच्या घरी गेले होते! जेवून आले. नागसेन नव्हता, रविवार असूनही ड्युटीवर होता. मी काही म्हणायच्या आत तेच म्हणाले, "दोन-तीन म्हैने तुज्या तोंडात दुसरं नाव न्हाई. चार दिवस बंद झालं तर घास उतरंना. मला काय दिसत न्हाई व्हय?"

मी विचारलं, त्या काय म्हणाल्या? म्हणाले, लई हुशार बाई. मी लग्नाचं काढलं, तर समदं ऐकून घेतलं आन म्हणाली, तुम्ही तुमच्या नातीला विचारा, मी माझ्या मुलाला विचारते. पोरांचं मन आधी, आपलं मागनं.

"तर आता मी इचारतोय," आजोबा म्हणाले.

खाली स्वयंपाकघरात आई भांडी जरा जोरातच लावतेय. तिच्याशी बोलायचंय. ते सोपं नाही.

मी हो म्हणाले.

नागसेनची शिफ्ट संध्याकाळी सुटते. त्याला अजून यातलं काहीच माहीत नाही.